घरटी एक माणूस

आमच्या गावात बांध फुटला की घरटी एक माणूस जातो. एवढाच नियम.

कुणाच्या बाजूला फुटला ते विचारायचं नाही. तुमची जमीन वरच्या अंगाला असो, तुमचं भावाशी भांडण असो, घरात हळद असो. हाळी आली की एक माणूस बाहेर. एकदा शेजारच्या ठमीकाकूचा नवरा पिऊन पडला होता. काकूने त्याला हातगाडीवर घातला, बांधावर आणून ठेवला, "ह्यो आमच्या घरचा," बोलली, आणि पदर खोचून स्वतः चिखल उचलायला लागली.

नारवेखार. पेणच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी. बांधाच्या आत मिठागरं, थोडी भातशेती, मग घरं. भरतीचं पाणी आमच्या जमिनीपेक्षा उंच असतं, म्हणून एका ठिकाणी भोक पडलं तरी सगळेच बुडतात. हाळी देण्याचं काम माझ्या बापाकडे. बाळाराम घरत. आवाज असा की खाडीपलीकडची कुत्री भुंकायला लागतात.

हे आधी सांगतोय कारण याच्याशिवाय बाबाने जे केलं ते कळणार नाही. नुसता मूर्ख वाटेल.

शाळेच्या हॉलमध्ये सभा होती. छाया कराराचे लोक आले होते. देशोदेशीचे अर्थमंत्री वर्षभर भांडून शेवटी एका कागदावर आले होते. गरमीने प्रत्येकाची वाट लागलेली. पिकं, वीज, विमा, कारखाने, सगळंच. एकट्याने काही होत नाही हे पटायला त्यांना इतकी वर्षं लागली. ठरलं असं, की ज्यांना किनारा आहे त्यांनी आभाळ द्यायचं. ज्यांना नाही त्यांनी यंत्रं, वीज, पैसा. किनाऱ्यावर टॉवर उभे राहणार, ते समुद्राचं पाणी फवारणार, आभाळ पांढरं होणार, ऊन थोडं परत जाणार.

आणि टॉवरला जागा हवी होती ती नेमकी आमच्या बांधाच्या टोकाला.

गाव नाहीच म्हणत होतं. मीठ उन्हावर होतं. डिसेंबर ते मे, तोच आमचा हंगाम, तोच त्यांचाही. मग अधिकाऱ्याने सांगितलं की पाळी असेल. दोन हंगाम आभाळ जगासाठी, तिसरा तुमचा. तिसऱ्या वर्षी तुमचा टॉवर बंद, तुमच्या वाट्याची सावली दुसऱ्या देशाचे टॉवर करतील.

बाबा मागे भिंतीला टेकून बसला होता. उठला.

"किती घरं हायत?"

अधिकाऱ्याला कळलं नाही. मी बोललो, "देश किती आहेत विचारतायत."

"एक्केचाळीस."

"सगल्यांचा मानूस येनार?"

"सगळे येणार, काका. लेखी दिलंय."

"मंग आपला पन जाल," बाबा बोलला आणि खाली बसला.

झालं. हाळी देणाऱ्यानेच हो म्हटल्यावर गाव काय बोलणार? आई तेवढी घरी आल्यावर बोलली, "जा, जा बांधावर. जग येल तुझ्या हाताखाली टोपल्या उचलाया."

मी टॉवरवर लागलो. बारावीत दोनदा आपटलेलो, पण पंप खोलणं-जोडणं व्हिडिओ बघून शिकलो होतो. इंग्रजी मॅन्युअल फोनवर एकेक वाक्य मराठी करून वाचली. ऑपरेटर झालो.

काम असं. समुद्राचं पाणी आधी इतकं गाळायचं की त्यात गाळ नाही, शेवाळ नाही, फक्त पाणी आणि मीठ. मग ते प्रचंड दाबाने बारीक तोंडांतून हवेत सोडायचं. थेंब हवेतच वाळतो आणि मागे मिठाचा कण राहतो. इतका बारीक की केसाच्या जाडीत असे शेकडो मावतील. वाऱ्याबरोबर तो वर जातो. ढगातली वाफ बसायला काहीतरी कण शोधत असते. कण थोडे असले की मोठे थेंब होतात. कण भरपूर असले की तेच पाणी लाखो बारीक थेंबांत वाटलं जातं आणि ढग पांढराफेक दिसतो. पांढऱ्यावरून ऊन परत जातं, जसं चुना मारलेल्या गच्चीवरून जातं. जिथे ढग नसतो तिथे मिठाचा धूर स्वतःच आभाळावर साय धरतो.

विष नाही, रसायन नाही. पण दोन गोष्टी आहेत. एक, हे मीठ चार-आठ दिवसांत खाली येतं, म्हणून फवारत राहावं लागतं. दुसरी, सावलीने ऊन अडतं, पण गरमी धरून ठेवणारा वायू हवेत तसाच असतो, वाढतच असतो. सावली काढली की इतक्या वर्षांची अडवलेली गरमी थोड्या वर्षांत अंगावर येते.

बाबाला मी हे सगळं समजावलं. तो हसला.

"म्हंजे मीठ कराया ऊन लागतंय, आनि ऊन अडवाया मीठ. लई शिकलास रं तू."

पहिल्या हंगामात आभाळ दुधात पाणी घातल्यासारखं झालं. सावली पडायची पण तिला कडा नसायची. मिठाच्या वाफ्यातलं खारं पाणी दाट व्हायचं आणि तिथेच अडायचं. दाणा धरेना. साबुदाण्याच्या पेजेसारखा लगदा. बाबा तो हातात घेऊन बघायचा, परत सोडायचा. दुसऱ्या हंगामातही तेच. शेजारपाजारची घरं हायवेच्या गोदामांत कामाला लागली. आधी माणूस जायचा, मग बायको-पोरं, मग कुलूप. ठमीकाकू गेली तेव्हा हातगाडी आमच्या अंगणात ठेवून गेली. "येतंय परत. पाली लागली का."

स्टेशनच्या प्रमुख किन्हीकर मॅडम. चंद्रपूरच्या. बाबाला त्यांचं फार कौतुक. बाई एवढ्या लांबून येऊन समुद्राशी झटते म्हणून. दुसऱ्या उन्हाळ्यात त्या डबा खाता खाता बोलल्या, "प्रज्योत, माझ्या आईनं काल दुपारी अंगणात कपडे वाळत घातले रे. मे महिन्यात. दुपारी! सहा वर्षांत दार नाही उघडलं बाप्पा तिनं या वेळेला."

मी घरी येऊन सांगितलं. बाबा बराच वेळ त्या पांढऱ्या आभाळाकडे बघत बसला.

"धरलाय बग," बोलला. "बांध धरलाय."

"तुजं मीठ नाय धरलं ते?" आई आतून.

"अगो, त्या म्हातारीचं कापड सुकला नं?"

"मंग तिलाच इचार, मिठाला कं घालतेस म्हनून!"

तिसरा हंगाम आमचा. पावसाळा संपल्या संपल्या बाबा वाफ्यांत उतरला. वाफ्याचा तळ पायांनी तुडवून तुडवून सिमेंटसारखा करावा लागतो, नाहीतर मीठ चिखलात मरतं. पूर्वी याला आठ-दहा जण असायचे. आता तो आणि आई, आणि शिफ्ट सुटली की मी.

तुडवता तुडवता त्याने विचारलं, "आपल्या पालीत आपल्या जागी कोन जाल?"

मी फोनवर नकाशा दाखवला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं एक स्टेशन, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचं एक.

"त्यांनला सांग, पानी गालून घ्या म्हनावं. घाईत तोंडं तुंबतात."

पहिला देश ऑक्टोबरात करारातून बाहेर पडला. त्यांचं गव्हाचं पीक पडलं होतं आणि तिथल्या लोकांचं म्हणणं, सावलीने पडलं. सावलीने की बुरशीने, सिद्ध कुणालाच करता येईना. ज्याचं पीक पडतं त्याला सिद्ध करायची गरजही वाटत नाही. दुसऱ्या देशात निवडणूक झाली. जिंकणाऱ्याची घोषणाच होती, आमचं आभाळ आमचं. तिसऱ्याला ना किनारा ना टॉवर, त्याला फक्त वर्गणी द्यायची होती. त्याने शांतपणे हिशोब मांडला. सावलीला कुंपण नसतं. आम्ही दिलं नाही तरी ती आमच्यावर पडणारच. मग का द्यायचं?

त्याच्यानंतर रांग लागली.

मॅडम मला समजावत होत्या. "प्रत्येकाचं एकेकट्यानं बरोबरच असतं रे. तेच तर वाईट आहे."

आफ्रिकेतल्या स्टेशनची वीज बंद पडली, कारण ती देणारा देशच गेला. दक्षिण अमेरिकेतलं एकटं राहिलं. मग करारवाल्यांची मोठी बैठक ठरली आणि टॉवरच्या गावांतल्या लोकांना व्हिडिओवर दोन-दोन मिनिटं बोलायला दिली. आमच्याकडून बाबा.

इस्त्रीचा शर्ट घालून स्टेशनच्या खोलीत बसला. समोर स्क्रीनवर ते गोल टेबल, निम्म्या खुर्च्या मोकळ्या. मॅडम इंग्रजी करत होत्या.

"आमच्यात बांध फुटला का घरटी एक मानूस येतो," बाबा बोलला. "ज्याच्या घरचा आला नाय, त्याला आमी शिव्या देत नाय. दंड नाय. काम झाल्यावर सगले जनं चिखलाच्या पायांनी त्याच्या अंगनातनं जातात. या टोकावरनं त्या टोकाला. बोलायचं कायच नाय. त्याची बायको सारवत बसते. पुढच्या टायमाला तो सगल्यांच्या आधी येतो."

मॅडम थांबल्या, इंग्रजी केलं. टेबलाभोवती दोघं-तिघं हसली, चांगल्या मनाने.

"तुमच्यात कं करतात?" बाबाने विचारलं.

अध्यक्षबाईंनी बाजूच्या माणसाकडे बघितलं. मग बोलल्या की हे फार हृदयस्पर्शी होतं, आणि वेळ संपला. पुढचं गाव आलं.

बाबा बाहेर येऊन मला विचारत होता, "सांगलं नाय त्यांनी. कं करतात?"

"काही नाही करत, बाबा."

"कायच नाय?"

"काही नाही."

त्यानंतर दोन दिवस तो वाफे तुडवत राहिला. आई टोमणा मारायला आली आणि न मारता परत गेली.

जानेवारीत आदेश आला. उरलेल्या टॉवरांनी पाळी न घेता, वाढीव दाबाने चालू राहावे. परिस्थिती निवळेपर्यंत.

तेव्हा बाबाचे वाफे तयार होते. घोटून घोटून आरशासारखे. खारं पाणी तापून दाट झालेलं, बोट बुडवलं तर पांढरी रेघ उमटायची. आमची पाळी पुढे ढकलत टॉवर चालूच ठेवला होता, फक्त आदल्या आठवड्यापासून तो दुरुस्तीसाठी बंद होता, म्हणून थोडं खरं ऊन मिळालं होतं. आणखी आठवडाभर मिळालं असतं तर दाणा धरला असता. ठमीकाकूला फोन करून ये म्हणता आलं असतं. गोदामांतली घरं परत फिरली असती. एक रास दिसली की लोक येतात, मला माहीत आहे.

मी वाफ्यावर गेलो. "बाबा, दुरुस्ती मी लांबवू शकतो. गाळणी बसत नाही म्हणून सांगतो. कुणी बघायला येत नाही. मॅडमना कळेल, पण त्या बोलणार नाहीत."

तो फावडं घेऊन उभा होता.

"बंद ठेवशील?"

"हो."

"तुजं नाव हाय त्या कामावर?"

"आहे."

"मंग तू बांधावर उभा हायस. आनि मना सांगतंस, बांधावरनं मानूस काढतंय?" त्याचा आवाज चढला, हाळीचा आवाज. "माज्यासाठी? माज्या वाफ्यासाठी?"

"अरे पण बाकीचे काढतायत! सगळे काढतायत!"

"ते त्यांचं त्यांनी बगावं. तू जा."

मी उभाच राहिलो.

"जा बोललो नं. चालू कर."

मी गेलो. चालू केलं. वाढीव दाबाने. खिडकीतून दिसत होतं, धूर वर जाताना आधी आमच्याच वाफ्यांवरून जातो.

मार्चमध्ये सगळं बंद झालं. उरलेले देश एकत्र बसले आणि या गोष्टीवर मात्र त्यांचं लगेच एकमत झालं. आपण एवढे थोडे, आपल्याने धरत नाही, खर्च वाया, करार विसर्जित. एका ओळीचा मेल. टॉवरचा मुख्य व्हॉल्व मीच फिरवला. बाबाला ज्यासाठी नाही म्हणावं लागलं होतं, तेच आता सरकारी शिक्क्याने.

पाच-सहा दिवसांत आभाळ निळं झालं. इतकं निळं की बघवेना. सावल्यांना कडा आल्या. आणि मीठ आलं. काय मीठ आलं! दाणा हरभऱ्याएवढा, काचेसारखा. राशी बांधावर उभ्या राहिल्या. आई ओंजळभर घेऊन घरभर दाखवत फिरली, घरात बघायला आम्ही दोघंच. बाबा ठमीकाकूला फोन करून बोलला, "ये गो, तुजी हातगाडी हाय हिकडं." ती बोलली, पोराचं नाव तिकडच्या शाळेत टाकलंय. बघू.

मॅडम निघाल्या तेव्हा एक पुडी मागितली. बाबाने पिशवीच भरून दिली.

"आता काय होईल, मॅडम?" मी विचारलं.

"आपण दार धरून उभे होतो ना. सोडलं." त्यांनी पिशवीची गाठ मारली. "आईला माझ्याकडं चल म्हणते तर ऐकत नाही. काऊन, म्हणते, आता तर बरं आहे. कपडे वाळतात."

एप्रिलच्या उन्हाने चंद्रपूरला काय केलं ते सगळ्यांनी वाचलं. दोन उन्हाळे दार उघडं ठेवायची सवय झालेली माणसं. मॅडमना मी फोन केला. वाजत राहिला. मग मेसेज आला, 'आई गेली. नंतर बोलू.' नंतर कधी बोललो नाही.

समुद्र तापला. मे महिन्यात अरबी समुद्रात वादळ उभं राहिलं आणि नेमकं पौर्णिमेच्या उधाणाला किनाऱ्यापासून लांबून गेलं. पाऊस नाही, ऊन कडक, आणि पाणी बांधाच्या ओठापर्यंत. तीन वर्षं बांधाला कुणी हात लावला नव्हता. खेकड्यांनी पोखरलेला. भर दुपारी टॉवरच्या अलीकडे पाणी झिरपायला लागलं, मग धार लागली.

आईला आधीच वडखळला मावशीकडे पाठवलं होतं. बाबा बांधावर चढला आणि त्याने हाळी दिली.

मी त्याच्या मागे होतो. मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. कुलपांना ऐकू जात नाही. तरी तो थांबून थांबून, प्रत्येक घराचं नाव घेऊन ओरडत होता, आणि प्रत्येक नावानंतर उत्तराएवढी जागा सोडत होता. खाडीपलीकडची कुत्री भुंकली.

मग तो उतरला. फावडं घेतलं. मी ठमीकाकूच्या हातगाडीतून चिखल आणायला लागलो. दोन माणसं. धार मांडीएवढी जाड झाली होती, आम्ही टाकलेला चिखल ती चहात बिस्किट विरघळावं तसा घेऊन जात होती.

"बाबा, नाही होणार. चल वर."

"टाक."

"अरे आपण दोघं, तेही एकाच घरातले..."

त्याने मान वर केली. घाम डोळ्यांत गेलेला.

"एका घरातले कनाला? आमच्या घरचा मी," तो बोलला. "तू त्या टावरचा. तू त्यांच्या घरचा." आणि चिखलाचा गोळा माझ्याकडून घेताना जरा समाधानानेच मान हलवली. "एक तरी आला."

मी टाकत राहिलो.

बांध गेला तेव्हा फार आवाज झाला नाही. मातीचा मोठा तुकडा बसल्यासारखा खाली गेला आणि पाणी आत आलं. मी बाबाला दंडाला धरून ओढत स्टेशनच्या जोत्यावर आणलं. गावातली तेवढीच उंच जागा. तिथून बघितलं. पाणी आधी वाफ्यांवर पसरलं, मग राशींच्या बुडाशी गेलं. मिठाची रास पाण्यात पडत नाही. ती खालून बारीक होत जाते, टोक मात्र बराच वेळ तसंच दिसतं. मग तेही नाही.

बाबा शेवटची रास जाईपर्यंत उभा होता.

स्टेशनचं दार उघडंच होतं. आत तो मोठा हॉल, पांढऱ्या लाद्या, भिंतीवर सगळ्या एक्केचाळीस देशांचे झेंडे, उद्घाटनाला लावले होते तसेच. आम्ही दोघं कमरेपर्यंत चिखलाने भरलेले. मला वाटलं, आता हा जाईल आत. या टोकावरून त्या टोकाला. मला ते बघायचं होतं. खरं सांगतो, त्या दिवशी तेवढी एकच गोष्ट मला बघायची होती.

बाबा दारात थांबला. मागे वळला, जोत्याच्या शेवटच्या पायरीवर बसला. पाणी तिथपर्यंत आलं होतं. त्यात आमचंच मीठ होतं. त्याने ओंजळीने ते घेतलं आणि पाय धुवायला लागला. आधी डावा, मग उजवा. बोटांच्या मधला चिखलसुद्धा काढला.

"बाबा, काय करतोस?"

"त्यांच्या घरचा आलता नं," तो बोलला. "मंग चिखल नाय न्यायचा."

आणि ओल्या, स्वच्छ पायांनी आत जाऊन भिंतीला टेकून बसला.

मी पाय नाही धुतले. तसाच आत गेलो. या टोकावरून त्या टोकाला, प्रत्येक झेंड्याखालून. मग परत फिरलो आणि पुन्हा गेलो. सारवायला कुणी नव्हतं.